नोंद एकशे बारा

अर्जात कारण विचारलं होतं.
मी लिहिलं: दात.
वाशीत, दुसऱ्या मजल्यावर, एकवीस वर्षं
मी माणसांच्या कवळ्या घडवते,
मेणात बसवते एकेक दाढ,
आणि कुठंतरी वाचलं होतं की मुशीला
दात पडल्याचं सुतक नसतं,
मागची रांग आपोआप पुढं सरकते.
निशिगंधा हसली नाही. म्हणाली,
शनिवारी पहाटे चारला, दिवाळ्याच्या धक्क्यावर.
गमबूट आणा. अत्तर लावू नका.

पहिले दोन महिने नुसत्या मेलेल्या.
टोपल्यांत, बर्फाखाली, वीत-दीड वीत,
नाक फावड्यासारखं चपटं.
नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी धर.
नर की मादी. पोट फुगलेलं की रिकामं.
पाटीवर पेन्सिलनं लिही, शाई इथं टिकत नाही.
पराच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा
कुपीत, स्पिरिटमध्ये.
तोवर चांगुणामावशी तराजू धरून उभी,
गिऱ्हाईक खोळंबलेलं.
"झालं का गो तुझं बारसं?
दे आता माझी मुशी."

एकदा विचारलं तिला, कमी झाल्यात का?
बोलली नाही. हात दाखवला,
खांद्यापासून. मग कोपरापासून. मग मनगटापासून.
मग मूठ मिटली
आणि पुढच्या टोपलीवरचं फडकं काढलं.

आज अष्टमी. भांगाचं पाणी, जाळ्यात थोडकंच.
पाम बीचच्या टॉवरांत दोनचार दिवे.
हरेश्वर नाखव्याची होडी गाळाला टेकली
आणि तो ओरडला,
"डॉक्टरीणबाय, जिती हाय!"
मी डॉक्टर नाही, हे तीनदा सांगून झालंय.

निळ्या टपात, खाडीच्याच पाण्यात,
हातभर लांब, परांची टोकं काजळात बुडवलेली,
कडेकडेनं फिरत दार शोधत होती.
हात ओले करा आधी, निशिगंधा म्हणाली.
धरली.
डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर रेशीम,
उलटा आणला तर
माझ्या टेबलावरचा खरबरीत पॉलिश पेपर.
कातडी नव्हेच ती. दात,
कणाकणाएवढे, अंगभर, एकाच दिशेला लावलेले.
एकवीस वर्षांत असं काम
माझ्या हातून उतरलेलं नाही.

चौपन्न सेंटिमीटर. मादी.
उताणी केली तशी निपचित झाली,
आणि मावशी माझ्या खांद्यावरून वाकली:
"अगो, नाल बघ हिची. सुकली नाय अजून."
दोन परांच्या मधे, पांढऱ्या पोटावर
नखाएवढी उघडी चीर.
निशिगंधानं टॉर्च धरला, रकान्यात लिहिलं: नवजात.

"तीन सुनांना मुशीच घातली मी,
पान्हा फुटावा म्हनून. फुटला."
हे ती टपाशी बोलत होती.
मला करावेगावातून आलेला डबा आठवला,
मुलगी सहा दिवसांची, छाती कोरडी,
लसणीचं लालभडक कालवण.
कुठला मासा, मी विचारलं नव्हतं.
रात्री दूध आलं होतं.

हरेश्वरनं भरपाईच्या वहीत सही केली,
दीडशे रुपये, दोनदा मोजून.
मी गुडघाभर गाळात उतरले.
तोंड वाहत्या पाण्याकडे धरा. थांबा.
कल्ले हलू द्या.
हलले.
मग हातात नुसती खाडी उरली,
तेलकट, कोमट, एका चपलेसकट.

अकराला एका आजोबांची वरची कवळी बसवायची आहे.
तळहात अजून चुरचुरतोय.
धक्क्यावर मावशीनं उरलेली मुशी कापली,
डोकं वेगळं, हळद लावून,
आणि कुणाच्या तरी बाळंतिणीसाठी बांधून दिली.
तीही मीच मोजली होती.
एकशे अकरा.