टोपी, कान, पट्टा

गेटचं बिजागर तुटलं म्हणून मेहबूबला बोलावलं.
शिकलगार वेल्डिंग, खानापूर नाका.
नववीत माझ्या संघात होता.
आता दाढी पिकलीय, तरी मला बघून बिडी विझवतो.

विट्यात बेसबॉल कुणाला ठाऊक होता?
मलाही नव्हता. तीन दिवसांचं शिबिर, एक पुस्तिका,
नऊ पोरांत सहा ग्लोव्ह्ज.
यंत्रमागावरचा सुताचा कचरा पोत्यांत कोंबून बेस शिवले,
होम प्लेट ट्रकच्या टायरची.
कुंपणापलीकडे माग चालायचे, खटाक खटाक,
झेल सुटला तरी चालायचे,
शाळा सुटली तरी चालायचे.

मी भाषणं फार द्यायचो.
एकदा म्हणालो, सोनं विस्तवातून गेल्याशिवाय…
मागून संपत मेटकरी म्हणाला,
"सर, माझा बाप गलाईवर आहे.
विस्तवात आधी छाती जाते."
पोरं हसली. मीही हसलो,
मग त्याला चार फेऱ्या मारायला लावल्या.

माझ्या खुणा ठरलेल्या.
टोपी, कान: मार हवा तसा.
टोपी, कान, पट्टा: बंट.
म्हणजे बॅट नुसती आडवी धरायची,
चेंडू पायाशी मरू द्यायचा,
आपण बाद व्हायचं, पुढचा गडी एक घर सरकतो.
हे त्यांना शिकवायला मला दोन वर्षं लागली.
ज्याचा फटका लांब जातो
त्यालाच हे सगळ्यात जड.

सांगलीत फायनल. शेवटचा डाव, बरोबरी,
दुसऱ्या बेसवर आमचा गडी, बॅटवर संपत.
मी बाकावरून खूण केली: टोपी, कान, पट्टा.
तिसऱ्या बेसजवळ मेहबूब, त्यानं ती पुढे द्यायची.
संपतनं बॅट फिरवली.
चेंडू सेंटरच्या डोक्यावरून पार सायकलींत गेला.

आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला उचललं.
मी म्हणालो, खाली ठेवा त्याला.
एसटीत सगळ्यांसमोर विचारलं, खूण दिसली नाही?
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दिसली."
मग का मारलास?
"मारावं वाटलं."

कोल्हापूरच्या विभागीय सामन्यात मी त्याला बसवून ठेवलं.
हरलो. सात शून्य.
परतीच्या वाटेवर मला आतून बरं वाटत होतं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
शिस्त म्हणजे काय ते कळेल पोरांना, असं वाटलं.
दहावीनंतर संपत सेलमला गेला, मामाच्या दुकानात,
सोनं गाळायला.

मेहबूबनं काच वर केली.
रॉड बदलताना, माझ्याकडे न बघता बोलला:
"सर, ती खूण मी दिलीच नव्हती.
टोपी, कान केलं. पट्ट्याला हात नेला
आणि आठवलं, पट्टा नाही.
अब्बाची पँट होती, सुतळीनं बांधलेली.
विट्यात काय, सगळ्यांच्याच तशा.
पण तिथं सांगलीच्या पोरींचा संघ बसला होता समोर.
शर्ट वर करायची लाज वाटली."

संपतला माहीत होतं?
"त्यानंच सकाळी गाठ मारून दिलेली."

पुन्हा ठिणग्या उडायला लागल्या.
मी बघत राहिलो. उघड्या डोळ्यांनी बघू नये ते.
दोन वर्षं रोज त्या पोरांना कमरेला हात लावायला शिकवलं,
आणि कुणाच्या कमरेला काय आहे
एकदा पाहिलं नाही.

धावपुस्तकात बंटला वेगळी खूण असते,
कुणी स्वतः बाद होऊन दुसऱ्याला पुढे नेलं
तर ती करायची असते.
ते पुस्तक शाळेनं रद्दीत घातलं.
असतं तरी कुठे केली असती?
मैदानावर तर तो बाद झालाच नव्हता.
झाला तो नंतर, एसटीत,
इस्लामपूरच्या अलीकडे कुठेतरी,
आणि बाद मीच दिला.

मेहबूब पैसे घेईना. खिशात कोंबले.
जाताना संपतचा नंबर कागदावर लिहून दिला,
म्हणाला, दुपारी भट्टी बंद असते, तेव्हा लावा.

चार दुपारी गेल्या.
गेट आता नीट लागतं.
मी पायरीवर बसतो, कागद खिशात,
हात टोपीकडे जातो, कानाकडे,
आणि खाली लेंग्याच्या नाडीशी येऊन थांबतो.