टायर बघून

गुरुवारी रात्री एका पाठकोऱ्या कागदावर
मी हिशोब मांडला:
मार्श्रुत्का, म्हणजे आमची मिनीबस, माणशी पंधरा लारी, भरली की सुटणार.
चौघांत टॅक्सी पंचवीस, वाटेत किल्ल्यापाशी फोटोला थांबणार.
शेजारच्या बादरीची गाडी फुकट,
म्हणजे सगळ्यांत महाग,
कारण पुढची सहा वर्षं तो ते बोलून दाखवणार.
आगगाडी नाही. त्या डोंगरापर्यंत रूळ पोचलेच नाहीत.
बाबांची निवा गॅरेजात, ताडपत्रीखाली.
तिच्याबद्दल मी काही लिहिलं नाही.

बाबांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला,
मग खाली ठेवला.
"यात ब्रेकचा रकाना कुठंय?"

सकाळी सातला दिदुबेच्या तळावर
"काझबेगी! काझबेगी!" करत माणसं अंगावर आली.
एकानं माझी पिशवीच उचलली,
तिच्यात उकडलेली अंडी, चीज, तारखूनचं हिरवं सरबत.
बाबा भावाला कान देईनात.
काठी टेकत एकेका गाडीपाशी गेले, वाकले,
टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं.
डोळ्यांना दिसत नाही ते नखाला कळतं, म्हणे.
पहिली नापास.
दुसरीचा ड्रायव्हर फोनवर हसत होता, नापास.
तिसरी नवीकोरी, आत पडदे, गाणी.
"हिला घाट माहीत नाही,"
सांगून आलेलं स्थळ मोडावं तसे म्हणाले.

चौथी जुनाट, पांढरी, दार दोरीनं बांधलेलं.
पण तिचा माणूस वर्तमानपत्राच्या बोळ्यानं
समोरची काच पुसत होता,
कोपऱ्यांसकट.
"ही."
मी दोरीकडे पाहिलं.
"दार काय, दार कुणीही बांधेल."

त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा,
मला मधली घडीची खुर्ची, जिला पाठच नव्हती.
झिनवालीचं धरण गेलं, निळंशार. अनानुरी गेलं.
सरहद्दीच्या नाक्याकडे निघालेले ट्रक
कडेला खोळंबून उभे, आणि त्यांचे ड्रायव्हर
स्टोव्हवर बटाटे तळत बसलेले.
प्रत्येक वळणाला बाबांचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता,
ड्रायव्हरच्या अर्धा क्षण आधी.
गुदाउरीच्या वर, बोगद्याच्या तोंडाशी, गाई बसल्या होत्या.
तिथं दोघांनी एकदमच दाबला.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.
"किती वर्षं, काका?"
"एकतीस."
एवढंच. मग त्यानं रेडिओ बारीक केला.

स्तेपानत्समिंदाच्या चौकात सगळे उतरले
ते माना वर करूनच.
बाबा गाडीला पाठ लावून उभे.
"कुठंय?"
मला वाटलं, थट्टा करताहेत.
"म्हणजे काय बाबा, तुम्ही तर रोज…"
"रोज रस्ता बघत होतो.
मागं अठरा जीव बसलेले असताना
वर कोण बघतं?"

मी त्यांची हनुवटी धरून वर वळवली,
औषध पाजताना ते माझी धरायचे तशी.
मोतीबिंदूपलीकडे त्यांना पांढरं काहीतरी दिसलं असणार.
"ते ढग, की तोच?"
खरं सांगायचं तर मलाही कळेना.
ढग होते,
आणि ढगांत एक जागा
जरा जास्त वेळ थांबलेली होती.
"तोच," मी म्हणाले.

अंडी खाल्ली. मीठ घरीच राहिलं होतं.
एका कुत्र्यानं चीजचा अर्धा वाटा उचलला
आणि बाबांनी तो त्याला नेऊ दिला.
पाच वाजता तळावर परतीच्या गाड्या लागल्या.
मी कागद काढला, मागची बाजू वाचू लागले.
"मग, कशानं जायचं?"
"कशानंही," म्हणाले,
अजून वरच बघत.

आणि मग काठी सावरून,
सवयीनं,
पहिल्या टायरपाशी वाकले.