गोणपाट

पान सतरावरच्या एका शब्दाभोवती
मोरागनं पेन्सिलीनं गोल काढलाय.
टे नदीवरून वारा येतो, खिडकीची काच हुंकारते,
आणि डंडीतल्या ह्या दुसऱ्या मजल्यावर
माझी आई अडून बसलीये.

"मास्तर म्हनले, घरून गोनपाट आन.
दाराच्या भाईर टाकलं. तितून फळा दिसायचा, अर्धा."

मी सांगते: पोतं. तागाचं. जूट.
"जूट," म्हणते मोराग, आणि चष्मा काढते.

तिची आजी इथल्याच गिरणीत होती.
चौदाव्या वर्षी लागली, तिशीत बहिरी झाली,
घरातही समोरच्याचे ओठ वाचायची.
या शहरात काम बायकांना, कारण बायका स्वस्त.
आजोबा घरी किटली उकळत बसायचे.
तसल्या पुरुषांना नावच पडलं होतं, किटलीवाले.

मी विचारलं, मारायचे का?
मोराग पेन्सिलीला टोक करत राहिली.
टोक आधीच होतं.

वाटलं, म्हणावं, बघ, तुझी आजी नि माझी आई
एकाच सुतळीच्या...
पण वाक्य अर्ध्यातच सोडलं.
तिच्या आजीला पाणी देताना
कुणी ओंजळ करायला सांगितलं नव्हतं.

आणि इथं, गेल्या संक्रांतीला, मंडळाच्या हळदीकुंकवात
एक बाई गोड हसून म्हणाल्या,
"आडनावावरून काही कळलं नाही हो तुमचं."
मी सांगितलं गाव, मग गल्ली, मग सगळंच.
माझा तिळगूळ त्यांनी पर्समध्ये ठेवला,
अगदी जपून, रुमालात.

पान एकसष्ट. पुन्हा तोच शब्द.
"पाचवी बी पोरगीच. सासू म्हनली, बाज इटाळंल,
निजवा गोनपाटावर. त्येच व्हतं, शाळंतलं.
मायनं त्यात जोंधळे भरून धाडले व्हते.
म्या अंधारात हातानं वळखलं,
कोपऱ्याला सुतळीनं माझं नाव घातल्यालं."

ती पाचवी मी.
हे मोरागला सांगितलं नाही.
तिनं हिशेब केला असावा, कारण चहा तिनंच ओतला.

रात्री सुगतचा फोन. तिकडे पहाट.
"ताई, बाबांचं ते पान काढ.
आधीच लोक टपलेत आपल्यावर.
चळवळीचा माणूस होता तो."

होता ना.
आईनंही तसंच लिहिलंय, त्याच पानावर:
"सभेत लई ग्वाड बोलले. बायांनी शिकलं पायजे म्हनले.
म्या मागं बसून टाळ्या वाजवल्या.
घरी आल्यावर माझी वही चुलीत घातली."

सुगत, ही वही दुसरी आहे.
तो गप्प झाला. मग म्हणाला,
मला तर त्यांनी खांद्यावर बसवून मोर्चाला नेलेलं.
तेही खरंच. मी ते खोडणार नाही.
तू तुझं लिही.

सकाळी मोराग विचारते,
मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव पूर्ण लागेल,
वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, तुमच्यात जसं लावतात तसं.

खाली गिरणीच्या जुन्या धुराड्यावर
पांढरे समुद्रपक्षी भांडताहेत.
त्या गिरणीत आता फ्लॅट झालेत, भाडं परवडत नाही.

मी म्हणते, धुरपा.
एवढंच?
एवढंच. तीन अक्षरं.
बाकीचं शिवायला
सुतळी पुरली नव्हती.