नाव काढणे

दुपारी साडेतीनला वाहिनीची गाडी आली,
घंटाघरासमोरच्या हिरवळीवर चाकं घातली,
आणि आयोवाच्या वाऱ्यात तबकडी उघडून
आभाळाकडे कान लावून बसली.
वार्ताहर बाई राजधानीहून आलेल्या,
टाचा ओल्या गवतात रुतणाऱ्या.
विषय: विद्यापीठातलं बोलणं, सरकारी धमक्या,
अनुदान, व्हिसे.
वेळ: दोन मिनिटं दहा सेकंद.
माझ्या गळ्यात विद्यार्थी-वृत्तपत्राचं ओळखपत्र,
म्हणून मलाच विचारलं,
'बोलणारं कुणी मिळेल का?
शक्यतो चेहऱ्यासकट.'

मिळालं ते असं:
एक पाठ, करड्या जाकिटातली.
दोन हात, कागदी पेल्याभोवती.
बुटांचा एक जोड, डावी नाडी सुटलेली.
इतिहासाचे वोल्कमार सर, निवृत्तीला अकरा महिने,
ते मात्र समोरून बोलले, चष्मा काढून, भरपूर.
त्यातलं एक वाक्य घेतलं,
तेही 'परंतु'च्या अलीकडे तोडलं.

आमचं कार्यालय तळघरात,
कपडे धुण्याच्या खोलीला लागून.
पलीकडची यंत्रं फिरतात तेव्हा
आमच्या बातम्याही जराशा थरथरतात.
संध्याकाळी मेल आली:
'दोन वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता,
ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच्या मेणबत्त्यांबद्दल.
लेख राहू द्या हवा तर.
माझं नाव तेवढं काढा.'
खाली सही नाही.
या महिन्यातली नववी.

तिचं नाव इथेही लिहीत नाही.
त्यातलं एक व्यंजन मला वर्षभर जमत नव्हतं;
कँटीनच्या रांगेत, ट्रे हातात धरून,
तिनं ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं.
'घशातून नाही, जरा मागून.'
पहिल्या दिवशी सभागृहात कुलगुरू म्हणाले होते,
या विद्यापीठाचं नाव काढा.
लेख छापून आला तेव्हा तिची आई
पलीकडच्या गोलार्धात
शेजारणींना कापून पाठवलेला कागद दाखवत फिरली,
पोरीनं नाव काढलं.

नियम दारामागे चिकटवलेला आहे:
छापलेलं मागे घेत नाही.
ब्रिन होल्टग्रेननं, आमच्या संपादकानं, तो वाचला,
मग पुन्हा वाचला,
जणू खाली बारीक अक्षरात आणखी काही असेल.
'काढलं, तर त्यांचं काम आपणच केलं.'
'आणि नाही काढलं?'
'मग आपण तत्त्वाचे,
आणि ती विमानात.'
बराच वेळ कुणी ब्र काढला नाही.
पलीकडे कुणाच्या तरी खिशातलं नाणं
ड्रायरमध्ये खणखणत फिरत होतं.

दहाला बातमी लागली,
धुण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर, आवाज बंद.
घंटाघर. पाठ. हात. बूट.
खालच्या पट्टीत: 'विद्यापीठांत भीतीचं वातावरण?'
प्रश्नचिन्ह शेवटपर्यंत हललं नाही.
ओले टॉवेल खांद्यावर टाकलेला एक मुलगा थांबला.
'अरे, आपलं घंटाघर! काय भारी दिसतंय.'
मग हवामान.
गुरुवारी गारा.

अकरा चाळीसला मी नाव काढलं.
काही जड लागलं नाही बोटाला.
नाव होतं तिथे रेघ लुकलुकत राहिली,
सांगू की नको अशी.
ब्रिननं कोट घातला, दिवा माझ्यावर सोडला,
जाताना नियमाचा कागद उतरवला नाही,
त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मागच्या कपाटात बांधीव खंड आहेत,
तांबड्या कापडातले, शाईचा वास धरलेले.
तिथपर्यंत कुठलीच कळ पोचत नाही.
पान सापडायला वेळ लागला.
मेणबत्त्यांचा फोटो, थोडा काळपट,
आणि खाली ते, अख्खं.
आधी ओठ मिटून वाचलं.
मग उघडून.
जरा मागून, घशातून नाही.
यंत्र नेमकं पिळायला लागलं होतं,
त्या घरघरीत व्यंजन नीट उमटलं का
मला सांगता यायचं नाही.
खंड जागेवर ठेवला.
कपाटाची किल्ली खिळ्याला असते.
आज ती माझ्या मोज्यात आहे,
चालताना टोचते.