वेळेचा रकाना

पहाटेचे दोन, आणि बाहेर उजेडच.
जूनमध्ये शेटलंडला रात्र पडत नाही,
नुसती टेकते खुर्चीच्या कडेवर
घाईत आलेल्या पाहुण्यासारखी.

नळी आली. सोनेरी टोपणाची, अजून कोमट.
चिठ्ठीवर लिहिलेलं : पॅरासिटामॉल पातळी, तातडीने.
रक्त घेतल्याची वेळ : एक चाळीस.
गोळ्या घेतल्याची वेळ :
रिकामी.

तेवीस वर्षं हेच सांगत आलेय नव्या पोरांना,
विष मोजता येतं, पण एकटं मोजू नका.
आकड्याच्या हाताला घड्याळ नसेल
तर तो आकडा मुका.
भिंतीवर आलेख आहे, कडा पिवळ्या पडलेला,
त्यावर तिरकी उतरत गेलेली एक रेघ.
रेघेच्या वर : उतारा द्या.
रेघेच्या खाली : घरी जाऊ द्या.
रेघ सुरू होते चौथ्या तासाला.
त्याआधीच्या रक्ताला काही विचारायचं नसतं.

सेंट्रिफ्यूज घरघरत थांबलं.
तांबडं तळाला बसलं, वर उरलं पिवळं,
नेहमीपेक्षा पिवळं,
मोहरीच्या तेलासारखं.
यंत्राने सुई बुडवली, नऊ मिनिटं घेतली
आणि म्हणालं, एकतीस.

एकतीस म्हणजे फारसं काही नाही.

फोनवर एमरिस, वेल्सचा, तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलेला.
"एकतीस? मग सुटला की, ऑस्ला."
"घेतल्या कधी?"
"दाढ दुखतेय म्हणे. गुरुवारपासून घेतोय."
"गुरुवारी किती वाजता?"
"वाजता नाही. पासून.
ठणकलं की एक. जाग आली की आणखी.
आज उलट्या सुरू झाल्या तेव्हा बहिणीने उचलून आणलं."

आलेखावर 'वाजता'साठी जागा आहे,
'पासून'साठी नाही.

कुणी न सांगता मी यकृताची चाचणी लावली.
यंत्राने एकदा नाकारलं,
नमुना पातळ करून पुन्हा मागितला;
एवढा मोठा आकडा त्याच्या तोंडात मावत नव्हता.
"एमरिस, रेघ विसर," मी म्हटलं, "उतारा आत्ता लाव.
आत्ता म्हणजे हा फोन ठेवायच्या आधी."

नाव मी शेवटी वाचते. सवयच आहे ती.
नाव आधी वाचलं की हात हलतो.

गिबी मौट.

शिंपल्यांच्या दोरांवर काम करणारा गिबी.
गुरुवारी धक्क्यावर भेटला होता, भर जूनमध्ये मफलर,
अर्ध्या तोंडाने बोलत होता.
डेंटिस्टने सप्टेंबरची तारीख दिली म्हणून हसला
उरलेल्या अर्ध्या तोंडाने.
दुखणं अंगावर काढणाऱ्या घराण्यातला तो;
त्याचा बाप मोडलेल्या मनगटाने
आठवडाभर जाळी ओढत होता, असं सगळे कौतुकाने सांगतात.
पिशवीत चार बांगडे घालून दिले त्याने मला.
मी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं, अख्खं,
आणि म्हटलं,
"घे. तोवर वेळ मारून ने."

पाकिटावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं.
ते मला पाठ आहे.
त्याला मी बांगड्यांबद्दल विचारलं. किती घेतोस, हे नाही.

वेळ त्याने मारूनच नेली.
म्हणून तर रकाना रिकामा.

आता उतारा थेंबाथेंबाने चाललाय, दोन मजले वर.
विमान ॲबर्डीनला अडकलंय, धुकं उठेपर्यंत.
पुढचं रक्त सहाला येईल.
फ्रीजरमध्ये तीन बांगडे आहेत. एक मी शनिवारी खाल्ला,
लोण्यात, ओटच्या पिठात घोळून. चांगला लागला.

मी संगणकावर त्या रकान्यात बोट ठेवलं
आणि लिहिलं, गुरुवार, साडेपाच, धक्का.
पडद्यावर तांबडी चौकट आली :
ही वेळ ग्राह्य नाही.
पुन्हा भरा.