दुसरा मजला, आठ रात्री

किल्ली मी मीटरच्या पेटीवर ठेवत नाही,
हातात देते. माणूस बघायला मिळतं.

पाणी सकाळी सहा ते सात, तेव्हाच पिंप भरून घ्या.
गिझरचं बटण उलटं आहे,
वर म्हणजे बंद.
खारकर आळीत रात्री दहानंतर आवाज नसतो,
असलाच तर समोरच्या डॉक्टरांच्या खोकल्याचा.
हे सगळं लिहून फ्रिजला चिकटवलंय,
तरी तोंडानं सांगते,
कारण बँकेत कॅशवर तीस वर्षं काढली की कळतं,
लोक कागद वाचत नाहीत.

अश्दोदहून आलेलं कुटुंब.
मुलगा, सून, मोबाइलात मान घातलेली दोन नातवंडं,
आणि मागून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत
शेगुलाबाई नवगावकर, वय एकोणऐंशी.
मी मनात इंग्रजी जुळवत होते.
त्या म्हणाल्या, "अगो, दम लागला. पाणी दे बघू घोटभर."
माझ्या आईच्याही मराठीहून जुनी मराठी,
डब्यात घट्ट बंद करून नेलेली,
टोका न लागलेली.

परदेशी पाहुणा म्हणजे फॉर्म सी.
मी लॅपटॉप उघडून बसले.
"भारतातला पत्ता?"
"हाच की."
"हा मुक्कामाचा झाला. आधीचा कुठला?"
"तेच सांगत्ये. हाच."

पार्किंगमध्ये जिथे माझी स्कूटर असते तिथे विहीर,
आणि कोपऱ्यात त्यांची खोली, कौलारू.
त्या खिडकीशी गेल्या, वाकून खाली पाहिलं,
मग हवेत हात आडवा धरून माप घेतलं.
"आमचं आढं तुझ्या घराच्या खिडकीपाशी संपायचं.
त्याच्यावर हे. इथे पेरूचा शेंडा होता.
एझ्रा चढायचा, मी खालून विचारायची, किती उंच रे?
तो म्हणायचा, आता देवाचा पाय लागेल हाताला."
मुलानं एसी लावला.
एझ्राचं पुढे काय झालं त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा सोडता येत नाही,
मी तोच पत्ता दोनदा भरला.

रोज सकाळी "मशिदीत जाऊन येते" म्हणून निघायच्या,
टेंभी नाक्याच्या सिनेगॉगला त्या मशीदच म्हणत.
नातवंडं मॉल बघून आली, तलाव बघून आली,
आजीनं आळी सोडली नाही.
गुरुवारी ओट्यावर मलिदा केला,
भिजलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं.
पेरूसाठी सुनेला जांभळी नाक्यावर दोनदा पाठवलं,
पहिले तिला पसंत पडले नाहीत.
माझी ताटली खाली आली, क्रोशाच्या रुमालानं झाकलेली.

शनिवारी सहाला वर नळ वाहेना.
मी गेले. दार नुसतं लोटलेलं.
"आज आम्ही कशाला हात लावत नाही गो."
पिंप मी भरलं. बादल्याही.
त्या पलंगावर बसून बघत होत्या,
जशी कुणी झाडाखाली बसून
दुसऱ्याचं पाणी शेंदणं बघावं.

साडेतीन हजारांप्रमाणे आठ रात्री, अठ्ठावीस हजार.
तीस वर्षांची कॅशियर मी,
दोनदा चुकले मोजताना,
मग निम्मे परत सरकवले.
"ठेव," त्या म्हणाल्या,
"लहानपणी या हवेचं भाडं आम्ही दिलंच नव्हतं."

ते गेल्यावर वर आवरायला गेले.
पलंग भिंतीपासून ओढून खिडकीला लावलेला.
जुन्या जागी फरशीवर चार गोल,
पायांएवढे, बाकीच्या फरशीहून उजळ.
मागे सरकवायला हात लावला, आणि काढून घेतला.
फ्रिजवरच्या कागदात एक ओळ वाढवली:
पलंग हलवू नये.

संध्याकाळी नागपूरचे आले, लग्नासाठी, सात जण.
किल्ली दिली, पाण्याची वेळ सांगितली,
पलंगाचं तेवढं बोलले नाही.
दहाच्या सुमारास वरून आवाज आला,
लाकूड फरशीवरून सरकण्याचा,
खिडकीकडून एसीकडे.

लोक कागद वाचत नाहीत.