शेजारधर्म

पहिल्या पानावर मगर नाहीच.
उधारी आहे:
सायकलच्या जुन्या ट्यूब दोन, गोणपाट एक,
चहा नऊ. पैसे शितोळे देणार.
दिले की नाही, पुढे कुठे लिहिलेलं नाही.

माणसं तशी सातच.
फिरोज मलेक एकटा तीन कप प्यायचा
आणि कुणी काही बोलायचं नाही,
कारण टेम्पो त्याचा, डिझेल त्याचं,
आणि पहाटे साडेतीनला मागच्या फळीवर
तोंडाला ट्यूब, डोळ्यांवर ओलं गोणपाट घेऊन
निजलेली साडेसात फुटी पाहुणीही त्याचीच.

कनू वसावाला अक्षर येत नव्हतं.
त्याच्या नोंदी रेघांच्या:
मगरीला आडवी, बिळाला गोल,
अंड्यांच्या जागी ठिपके, ठिपके.
भूगोलाच्या दिघेबाईंनी त्यावरून नकाशा केला.
काळ्या घोड्याच्या पुलापासून वडसरपर्यंत
विश्वामित्रीचं एकेक वळण.
तो गुंडाळून काखेत मारायच्या
आणि काठच्या वस्त्यांत दारोदार विचारायच्या,
किती वाजता दिसली? तोंड कुणीकडे होतं?
जणू स्थळ घेऊन आल्यात.
लोक हसायचे.
हसता हसता हातातला दगड खाली ठेवायचे.

मंडळ नोंदवायचं ठरलं त्या साली
फॉर्मवर एक रकाना होता: उद्देश.
शितोळे विचार न करता लिहून गेले,
शेजारधर्म.
कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.
"एवुं न चाले, काका."
खोडलं. वर लिहिलं: वन्यजीव संवर्धन.
कार्बन कॉपी वहीत चिकटवलेली आहे.
खोडलेला शब्दच जास्त ठळक उमटलाय,
दोनदा दाब पडल्यामुळे.

पान एकशे बारा, पुराचं वर्ष.
"कारेलीबाग, तळमजला, मोरी. तीन फूट.
घरातली मुलगी घाबरली नाही."

ती मुलगी मी.
घाबरले होते. फ्रॉक ओला झाला होता.
शितोळ्यांनी पाहिलं, पेनाचं टोपण काढलं
आणि अख्ख्या वहीतली एकुलती एक खोटी नोंद केली.
त्यानंतर मी त्यांची पाठ सोडली नाही.

आता नकाशातली तीन वळणं नदीत नाहीत.
कनूच्या ठिपक्यांवर भिंत आहे, भिंतीवर जाहिरात.
टेम्पो भंगारात गेला.
फिरोजची नात व्हॅन चालवते,
ती चहा पीत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

काल रात्री मांजलपूर, सोसायटीचं पार्किंग,
स्कूटरच्या मागे सहा फुटी.
जिन्यावर एक पोरगा, दात वाजत होते.
म्हटलं, ये, बॅटरी धर.
डोळ्यांवर नको. शेपटीवर.

सकाळी वही उघडून
बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं: मुलगा घाबरला.
बॅटरी शेवटपर्यंत हलली नाही.

चहा सहा. पैसे मी देणार.